एका बदनाम शब्दाचे कूळ

सोवळे-ओवळे केवळ वस्त्रांचे आणि भांड्यांचेच असते असे नाही, शब्दांचेही असते. वाईच्या ज्या घरात आमचे बालपण गेले, तेथे देवघरात चालणारे शब्द निराळे, माजघरात चालणारे निराळे आणि ओटीवर चालणारे निराळे होते; आणि काही शब्द तर असे होते की, त्यांना उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्याचीच मनाई असे. रस्त्यात, घाटावर, शाळेच्या पटांगणात ते खुशाल हिंडत; परंतु घराशी येताच पायताणाबरोबर त्यांनाही बाहेर काढून ठेवावे लागे. अशा बहिष्कृत शब्दांपैकी एकाची हकीकत आज वाचकांपुढे मांडावयाची आहे. तो शब्द ‘झक’. शिष्ट वाचकांनी क्षमा करावी. परंतु नाडी हाती धरल्यावाचून वैद्याला निदान करता येत नाही, आणि शब्दाचे नाव घेतल्यावाचून त्याची चौकशी करता येत नाही.

या शब्दाशी आमचा पहिला परिचय फार महाग पडला. साल 1951, आम्ही नऊ वर्षांचे होतो. विटीदांडूच्या खेळात एका लबाड सोबत्याने आम्हांस उघड उघड फसविले, आणि आम्ही तणतणत घरी येऊन पडवीतच उद्गारलो, “झक मारली नि त्याच्याशी खेळायला गेलो!” पडवीच्या कोपऱ्यात तीर्थरूप अप्पा मुलांच्या वह्या तपाशीत बसले होते. ते संस्कृतचे शिक्षक; शब्दाच्या शुद्धतेविषयी त्यांचा कटाक्ष एवढा की, घरी ऱ्हस्वदीर्घाची चूकसुद्धा पोटात घातली जात नसे. त्यांनी मान वर केली, चष्मा काढला आणि शांतपणे सांगितले, “आज रात्री याचे पान मांडू नका.”

योगायोगाने त्या दिवशी आमचे मामा घरी आलेले होते. ते मोठे खेळकर गृहस्थ. त्यांनी भाच्याची वकिली आरंभिली: “अहो अप्पा, झक म्हणजे झष, आणि झष म्हणजे मासा. पोर एवढेच म्हणाले की, मी मासा मारला!” यावर अप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, “ब्राह्मणाच्या पोराने मासा मारला असेल, तर मग एक रात्र उपास थोडाच झाला.” खटला तेथेच निकालात निघाला. रात्री सारे निजल्यावर आमच्या वडील भगिनी अक्का चोरपावलांनी दूधपोह्यांची वाटी घेऊन आल्या. अंधारात ते पोहे खाताना आम्ही मनाशी शपथ वाहिली की, हा शब्द पुन्हा तोंडातून काढावयाचा नाही; आणि ती आम्ही जवळजवळ पाळलीही.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचे कारण आमची नात. ती पुण्यास अभियांत्रिकीच्या शिक्षणाला आहे. गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी ती सहज बोलून गेली, “मग काय, झक मारत रात्रभर जागून ते सगळं पुरं केलं.” आमच्या सौभाग्यवतींच्या हातातील चकली हातातच राहिली. “अगं, हा काय शब्द?” त्या म्हणाल्या. नातीच्या चेहऱ्यावर मात्र अपराधाची छटाही नव्हती. “का गं आजी? काय वाईट आहे त्यात?” आजीने आमच्याकडे पाहिले व सांगितले, “आजोबांना विचार, त्यांना माहीत आहे.” आणि मौज अशी की, आजोबांना काहीच माहीत नव्हते! ज्या शब्दापासून सत्तर वर्षे आम्ही चार हात दूर राहिलो, त्याचा अपराध कोणता हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. तेव्हा दिवाळी संपताच आम्ही कोश काढले, दोन व्यासंगी स्नेह्यांचे उंबरे झिजविले आणि या शब्दाच्या कुळाचा तपास सुरू केला.

प्रथम त्याची चालचलणूक पाहू. मराठीत ‘झक मारणे’ या प्रयोगाच्या निदान चार तऱ्हा आहेत. रिकामटेकड्या माणसाविषयी ‘बसला असेल कोठे झक मारीत’ असे म्हणतात. तेथे अर्थ व्यर्थ कालक्षेप. चिडून ‘मार झक!’ म्हणतात, तेथे अर्थ ‘जा, वाटेल ते कर’. ‘झक मारली आणि झुणका केला’ ही म्हण तर सर्वांस ठाऊक आहेच. तेथे पश्चात्ताप आहे. आणि ‘जाईल कुठे? झक मारीत येईल’ यात नाइलाज, निरुपाय आहे. आमच्या नातीचा प्रयोग या चौथ्या जातीचा. तिच्या पिढीत तर त्यातील उरलासुरला डंखही गेला आहे. ‘झक मारत’ म्हणजे निव्वळ ‘नाइलाजाने’. एका शब्दात आळस, तिरस्कार, पश्चात्ताप आणि निरुपाय हे चार भाव एकत्र कसे नांदतात, हाच खरा प्रश्न आहे. जी व्युत्पत्ती या चारही भावांचा उलगडा करील ती अधिक ग्राह्य, असा नियम आम्ही मनाशी बांधला.

आता मामांचा मत्स्यपक्ष घेऊ. हा पक्ष दिसतो तितका थट्टेचा नाही. विद्वानांतही त्याचे पुरस्कर्ते आहेत. ‘झष’ हा शब्द अस्सल संस्कृत. अमरकोशात माशाच्या पर्यायांत तो आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना झषांमध्ये आपण मकर असल्याचे म्हटले आहे. म्हणजे जो शब्द घरात उच्चारल्याबद्दल आम्ही उपाशी निजलो, तोच शब्द अप्पा प्रतिदिनी पहाटे गीतापाठात मोठ्या भक्तीने उच्चारीत होते, असा याचा अर्थ होतो!

झषचा झख कसा झाला, हेही या पक्षाला सांगता येते. उत्तरेकडे ‘ष’चा उच्चार ‘ख’ असा करण्याची जुनी रीत आहे. वर्षाची बरखा झाली, भाषेची भाखा झाली. त्यासाठी उत्तरेस जाण्याचेही कारण नाही. आपल्याकडील शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन शाखेचे ब्राह्मण वेदपठण करतात तेव्हा ‘पुरुष’ हा शब्द ‘पुरुख’ असाच ऐकू येतो. लहानपणी आमच्या शेजारी अशाच एका घरी पुरुषसूक्त चाले, आणि त्या उच्चाराला आम्ही मुले हसत असू. तो परंपरेने आलेला शास्त्रशुद्ध उच्चार आहे हे पुढे कळले आणि हसण्याची लाज वाटली. पुढे शब्दान्तीच्या ‘ख’चा ‘क’ होणे तर मराठीच्या अंगवळणीच पडलेले आहे. हिंदीत भूख आणि भीख, आपल्याकडे भूक आणि भीक. तसेच हिंदीत झख, आपल्याकडे झक. शिवाय मासे ‘मारणे’ हाच आपला वाक्प्रचार आहे. मासेमारी हा शब्दच त्याची साक्ष देतो. तेव्हा झक मारणे म्हणजे गळ टाकून तासन् तास पाण्याकडे पाहात बसणे, आणि त्यावरून व्यर्थ वेळ दवडणे, असा अर्थ निघाला, हे मत्स्यपक्षाचे म्हणणे.

युक्तिवाद सुरेख आहे. परंतु आमच्या मनाचे समाधान झाले नाही. पहिली अडचण व्याकरणाची. आपण ‘झक मारली’ म्हणतो, ‘झक मारला’ म्हणत नाही. झष पुल्लिंगी, मासाही पुल्लिंगी. मग झक स्त्रीलिंगी कशी झाली? दुसरी अडचण व्यवहाराची. मासे मारणे हे ज्यास व्यर्थ वाटेल तो मनुष्य किनाऱ्यावरचा नव्हे. वसईच्या किंवा मालवणच्या माणसास, गोव्यातील सारस्वतास किंवा बंगाल्यातील ब्राह्मणास ही उपमा सुचेल काय? ज्या कोळ्याच्या घरी चूल त्यावरच पेटते, त्याला तर नाहीच नाही. आणि तिसरी अडचण सर्वांत मोठी. मासे मारण्यावरून आळसाचा अर्थ निघेल. फार तर तिरस्काराचाही निघेल. परंतु ‘झक मारीत येईल’ यातील निरुपाय आणि ‘झक मारली’ यातील पश्चात्ताप त्यातून कसा काढावा? गळ टाकून बसलेला मनुष्य सुखी असतो, निदान आशावादी तरी असतो. हळहळणारा खास नसतो.

आणखीही एक लहानसा पक्ष आहे. त्याच्या मते हा ध्वन्यनुकारी शब्द. झकझक, झकपक, झकाकणे यांचा सोयरा. हिंदीत झक म्हणजे लहर, सणक. आणि त्यावरून लहरी मनुष्य तो झक्की. ‘झकास’ हा आपला आनंदी शब्दही, जो मुंबईच्या हिंदी चित्रपटांनी सर्वदूर नेला, त्याला याच गोतात बसविण्याचा मोह होतो. परंतु झकास चकाकणारा आहे आणि आमची झक काळवंडलेली. नावे सारखी असली म्हणून सोयरीक सिद्ध होत नाही. राहता राहिली लोकसमजूत, की या शब्दाच्या मुळाशी काही अश्लील अर्थ आहे. आमच्या अप्पांची समजूत बहुधा हीच असावी. परंतु तिला धड आधार कोणी दाखवीत नाही. आमच्या मते ही बदनामी ‘मारणे’ या क्रियापदाच्या संगतीने आणि रागाच्या स्वराने ओढवली. रागाने म्हटलेला शब्द शिवीसारखा वाटू लागतो, आणि शिवीसारखा वाटणारा शब्द पुढे शिवीच ठरतो.

अशा अवस्थेत असता एका स्नेह्यांनी आम्हांस गुजराथच्या वाटेला लाविले. बाराव्या शतकात अणहिलवाड पाटण येथे आचार्य हेमचंद्र हा जैन पंडित होऊन गेला. सिद्धराज जयसिंहाच्या राजवटीत त्याने ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ नावाचे व्याकरण रचिले आणि त्याचा आठवा अध्याय प्राकृत भाषांना वाहिला. त्यात मुख्यत्वे जिचे विवेचन आहे ती महाराष्ट्री प्राकृत. म्हणजे आपल्या मराठीची आजीच म्हणावयाची. या अध्यायाच्या चौथ्या पादात कोणत्या संस्कृत धातूच्या जागी प्राकृतात कोणता धातू येतो याची सूत्रे दिलेली आहेत. डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेली प्रत समोर घेऊन आम्ही ती चाळू लागलो आणि एके ठिकाणी थबकलो. विलाप करणे या अर्थी हेमचंद्राने दोन प्राकृत धातू सांगितले आहेत: एक ‘झंख’ आणि दुसरा ‘वडवड’. दुसरा तर पाहताक्षणी ओळखू येतो. आपली बडबड ती हीच. मग पहिला कोण?

पाने उलटली तेव्हा तोच ‘झंख’ आणखी तीन ठिकाणी भेटला. संतापाने पोळणे, म्हणजे मनाने तळमळणे, या अर्थी झंख. दूषण देणे या अर्थी झंख. आणि दीर्घ निःश्वास टाकणे या अर्थीही झंख. विलाप, संताप, उपालंभ आणि निःश्वास! वाचकहो, आता आपल्या चार प्रयोगांकडे पुन्हा पाहा. ‘झक मारली आणि गेलो’ यात संताप आणि विलाप आहे. ‘मार झक’ यात उपालंभ आहे. ‘झक मारीत येईल’ म्हणजे कुरकुरत, उसासे टाकीत, हळहळत येईल. आणि जो तसा येतो तो निरुपायानेच येतो, म्हणून ‘नाइलाजाने’ हा अर्थ निघाला. ‘झक मारीत बसला आहे’ म्हणजे नुसता हळहळत बसला आहे, हातून काम काही होत नाही. त्यावरून आळसाचा अर्थ आला. मत्स्यपक्षाला जे दोन अर्थ गळाला लावता आले नाहीत, ते येथे आपण होऊन जाळ्यात येतात.

लिंगाचा प्रश्नही सुटतो. बडबड, कटकट, कुरकुर, हाक, बोंब हे सारे तोंडाचे व्यापार मराठीत स्त्रीलिंगी आहेत. झक त्यांच्याच पंगतीस बसते. आणि ‘मारणे’ या क्रियापदाचे म्हणाल, तर आपण हाक मारतो, बोंब मारतो, थाप मारतो, बढाई मारतो, गप्पा मारतो. त्यात हिंसा कोठे आहे आणि अश्लीलता कोठे आहे? तोंडातून शब्द बाहेर टाकणे एवढाच त्या मारण्याचा अर्थ. झक मारणे म्हणजे उसासा टाकणे.

या पक्षालाही एक अडचण आहे, ती लपविणे योग्य नव्हे. झंखमधील अनुस्वार गेला कोठे? परंतु हिंदीत कुरकुरणे या अर्थी झींखना आणि झीखना अशी सानुस्वार व निरनुस्वार दोन्ही रूपे शेजारीशेजारी नांदतात. त्यावरून असा अनुस्वार लुप्त होणे अशक्य नाही एवढे दिसते. कदाचित खरे असेही असेल की, उसाशाचा झख आणि माशाचा झख हे दोन प्रवाह उत्तरेकडे केव्हातरी एकत्र मिळाले आणि लोकांनी त्यावर कोटी केली. नदीच्या संगमाखाली पाणी कोणाचे हे सांगता येत नाही. आम्ही निकाल देत नाही. कौल मात्र हेमचंद्राच्या बाजूने देतो.

हा कौल देण्याचे धैर्य आम्हांस एका लहान मुलीमुळे आले. आमचे धाकटे चिरंजीव मुलुंड येथे राहतात. त्यांच्या शेजारी एक गुजराती कुटुंब आहे, आणि त्यांच्या मुलीचे नाव आहे झंखना. गुजरातीत झंखना म्हणजे उत्कट ओढ, जिवाला लागलेली आस. हेमचंद्राच्या देशात त्या उसाशाला प्रेमाचा अर्थ आला, तो कवितेत गेला आणि आईबापांनी हौसेने तो लेकीला ठेवला. गंमत अशी की, त्याच गुजरातीत आपल्यासारखी ‘झख मारवी’ देखील आहे! एकाच घरातील दोन भावंडे. एक पालखीत बसले, दुसरे घाटावर उनाडत राहिले. शब्दांच्या राज्यात हे नवल नव्हे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने गिरनारच्या शिळेवर आपला बारावा लेख कोरविला. त्यात सर्व ‘पाषंडां’विषयी आदर बाळगावा, दुसऱ्याच्या पाषंडाची निंदा करू नये, असा उपदेश आहे. तेथे पाषंड म्हणजे धर्मपंथ. पुढे त्याच शब्दाचे, त्याच ‘ष’चा ‘ख’ होऊन, पाखंड झाले आणि आज ती शिवी आहे. शब्द आपण होऊन बिघडत नाहीत. आपण त्यांना जसे वागवू तसे ते होतात.

येथवर व्युत्पत्तीचा विचार झाला. परंतु आमच्याजवळ एक पुरावा असा आहे की, जो कोणत्याही कोशात बसणार नाही. आणि खरे सांगावयाचे तर त्यासाठीच आम्ही लेखणी उचलली.

अक्का बुद्धीने आम्हां सर्व भावंडांत सरस. 1953 साली त्या शालान्त परीक्षेत अतिशय उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या. त्यांना डॉक्टर व्हावयाचे होते. त्यांनी अप्पांजवळ ते बोलूनही दाखविले. अप्पांनी नकार दिला. मुलीला एकटीला पुण्यास ठेवावयाचे, पुढे तिच्या शिक्षणाजोगे स्थळ शोधावयाचे, पाठीमागे आणखी तीन भावंडे, हे सारे त्यांनी तिला नीट समजावून सांगितले. दुसऱ्या वर्षी अक्कांचे लग्न झाले. घर चांगले मिळाले, मुलेबाळे झाली. त्यांनी त्याविषयी पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही. अप्पांनीही काढला नाही. ती गोष्ट घरात सर्वांस ठाऊक होती आणि कोणीच तिचा उच्चार करीत नसे. तीही एक बहिष्कृत गोष्टच होती म्हणा ना.

1979 साली अप्पा अंथरुणास खिळले. अक्का महिनाभर येऊन राहिल्या. औषधाच्या वेळा, पथ्य, अंग पुसणे, कूस बदलणे, सारे त्या अशा सफाईने करीत की, रोज येणारे डॉक्टर एकदा म्हणाले, “बाई, आपण पूर्वी कोठे नर्स होता काय?” अक्का नुसत्या हसल्या. डॉक्टर गेले. अप्पा बराच वेळ आढ्याकडे पाहात होते. मग त्यांनी एक दीर्घ निःश्वास टाकला आणि ते म्हणाले, “झक मारली, आणि तुला शिकू दिले नाही.”

आम्ही उंबऱ्यात उभे होतो. अप्पांच्या तोंडून तो शब्द आम्ही आयुष्यात प्रथमच ऐकला, आणि पुढे कधीच ऐकला नाही. ज्या संस्कृतज्ञाने जन्मभर शब्द तोलूनमापून वापरले, त्याला त्या क्षणी अनुताप, खेद, पश्चात्ताप यांपैकी एकही पुरा पडला नाही. ज्याला पंचवीस-तीस वर्षे उंबऱ्याबाहेर उभे केले होते, त्यालाच आत बोलवावे लागले. अक्कांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी असता हसून म्हणाल्या, “अप्पा, या शब्दाला आपल्या घरी रात्रीचे जेवण बंद असते.” अप्पाही हसले. त्या रात्री त्यांनी अक्कांच्या हातून चार घास दूधपोहे खाल्ले.

त्या वेळी हेमचंद्र आम्हांस ठाऊक नव्हता. आज त्याची सूत्रे वाचताना मात्र वाटते की, विलाप, संताप, उपालंभ आणि निःश्वास हे चारही अर्थ आम्ही एकाच वेळी, एकाच वाक्यात, प्रत्यक्ष ऐकले आहेत. उपालंभ होता तो स्वतःलाच. तेथे मासा नव्हता आणि शिवी तर नव्हतीच.

नातीला आम्ही हे सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे आजोबा, शब्द वाईट नाही तर.” आम्ही म्हणालो, “नाही. महाग आहे.” तिला ते कितपत पटले न कळे, परवाच दूरध्वनीवर ‘झक मारत’ म्हणता म्हणता ती मध्येच थांबली आणि ‘नाइलाजाने’ म्हणाली. आम्हांला उगीचच चुकल्यासारखे वाटले. शब्दाला घरात घेण्यासाठी एवढा खटाटोप केला, आणि आता तोच संकोचून दाराशी उभा! पुढच्या खेपेस तिला सांगणार आहोत की, बाई, खुशाल म्हण. मात्र ज्या दिवशी तो मनापासून म्हणावा लागेल, तो दिवस तुझ्या आयुष्यात फार वेळा न येवो.